येऊरचा चढ आणि हृदयाचा ब्रेक

उपवन तलाव मागे टाकून येऊरच्या रस्त्याला लागलं आणि वन खात्याचं नाकं ओलांडलं, की खरा चढ सुरू होतो. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्या चढावर आमच्या सोसायटीतले काका मध्येच थबकले. मनगट माझ्यासमोर धरून म्हणाले, "मॅडम, हे बघा. एकशे बत्तीस! माझं काही खरं नाही आता."

हृदयाचे ठोके दाखवणारं ते घड्याळ नवं होतं, मुलाने वाढदिवसाला पाठवलेलं. काकांचं वय ६२. कपाळावर घाम, श्वास जोरात आणि नजर त्या आकड्यावर खिळलेली. मी विचारलं, छातीत दुखतंय का, दडपण वाटतंय का, हात किंवा जबडा जड झालाय का, गरगरतंय का. "तसं काही नाही हो. दम लागलाय एवढंच." ते कठड्यावर टेकायला निघाले होते. म्हटलं, बसू नका, माझ्याबरोबर मागे फिरा आणि अगदी सावकाश चाला. एका मिनिटाने घड्याळात १०९ दिसत होते.

माझ्या लेखी त्या सकाळची सगळ्यात चांगली बातमी ती होती, १०९. पण काकांच्या डोक्यात १३२ बसला तो बसलाच. पुढचे चार दिवस ते फिरायला आलेच नाहीत. काकू जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "लिफ्ट बंद असली तर आता खाली बाकावरच बसून राहतात. म्हणतात, चढलो तर ठोके वाढतील."

ठोके वाढतील या भीतीने धडधाकट माणसाने जिना सोडावा, हे मला फार लागलं. मी डॉक्टर नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवते आणि रक्ताभिसरणाचा धडा त्यात दरवर्षी येतो. रविवारी काकांकडे चहा घेताना जे बोललो, तेच इथे जरा सविस्तर लिहिते. आमच्या फिरणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या मनगटावर आता असं घड्याळ आहे, आणि आकडा कसा वाचायचा हे त्यातल्या फार थोड्यांना कुणी सांगितलंय.

ब्रेक आधी, ॲक्सिलरेटर नंतर

शांत बसलेल्या निरोगी माणसाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० च्या दरम्यान असतात, बऱ्याच जणांचे सत्तरीच्या आसपास. आता गंमत अशी की हृदयाला पूर्ण मोकळं सोडलं, मेंदूकडून त्याच्याकडे येणाऱ्या नसांचा काही संबंधच ठेवला नाही, तर ते सत्तरीने चालत नाही. ते शंभरीच्या आसपास पळतं! हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक छोटासा पुंजका आहे, एसए नोड. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. ठोका सुरू होतो तो या पुंजक्यातून, आणि त्यासाठी त्याला कुणाच्या हुकमाची गरज लागत नाही. त्याची स्वतःची चाल तरुण माणसात मिनिटाला शंभरच्या घरात असते.

मग आपली नाडी सत्तर कशी? कारण तिला कुणीतरी आवरून धरलेलं असतं. मेंदूच्या तळापासून निघून मानेतून छातीत उतरणारी एक लांब नस आहे, व्हेगस. ती हृदयाला सतत "सावकाश, सावकाश" म्हणत असते. आपण सोफ्यावर बसून पेपर वाचत असतो तेव्हासुद्धा हा ब्रेक दाबलेला असतो.

ब्रेक काम कसा करतो, हे शोधण्याची गोष्ट मला वर्गात सांगायला फार आवडते. व्हेगसला विजेचा झटका दिला की हृदय मंदावतं किंवा थांबतं, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्येच दाखवलं होतं. पण नस हृदयाला निरोप देते तो कसा, विजेने की कुठल्या रसायनाने, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओटो लोएवी यांनी बेडकांची दोन हृदयं घेतली. पहिल्याची व्हेगस नस शाबूत ठेवली आणि तिला विजेने डिवचलं. ते हृदय मंदावलं. मग त्या हृदयाभोवतीचं खारं पाणी घेऊन दुसऱ्या हृदयावर सोडलं, ज्याला नस जोडलेलीच नव्हती. तेही मंदावलं! नुसत्या पाण्यातून निरोप पोचला होता, म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. हे १९२१ साली प्रसिद्ध झालं. ते "काहीतरी" म्हणजे ॲसिटिलकोलीन हे पुढे पक्कं झालं आणि लोएवी यांना हेन्री डेल यांच्याबरोबर १९३६ चं नोबेल मिळालं. या प्रयोगाची कल्पना झोपेत सुचली, उठून चिठ्ठीवर खरडली, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना, आणि दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, असं लोएवी स्वतः सांगत.

आता येऊरच्या चढाकडे या. आपण चालायला लागतो तेव्हा पहिल्या काही सेकंदांत हृदयाला नवा जोर वगैरे काही मिळत नाही. फक्त ब्रेकवरचा पाय उचलला जातो. मेंदूचा जो भाग पायांना "चल" म्हणतो, त्याच्याकडून एक निरोप जाता जाता हृदयाच्या नियंत्रण केंद्रालाही मिळतो, आणि व्हेगस हात सैल सोडते. हे इतक्या झटपट होतं की पुढच्या एक-दोन ठोक्यांतच फरक दिसतो. कधी कधी तर पाऊल उचलण्याआधीच. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असलेल्या मुलांची नाडी मोजा, एक पाऊल न धावता ती वर गेलेली असते.

ब्रेक सुटून ठोके शंभरीकडे सरकले की ॲक्सिलरेटरचं काम सुरू होतं. दुसऱ्या प्रकारच्या नसा, ज्यांना सिम्पथेटिक म्हणतात, त्या हृदयावर नॉरॲड्रेनालिन सोडतात. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनालिन ओततात. या यंत्रणेला रंगात यायला थोडा वेळ लागतो, पण ती ठोके शंभरीच्या पार नेते आणि प्रत्येक ठोक्याचा जोरही वाढवते.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर खरंच वेगवेगळे आहेत याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा हृदयरोपण झालेल्या माणसांत दिसतो. दुसऱ्याचं हृदय बसवताना नसा कापल्या जातात. त्यामुळे या लोकांची बसल्याजागची नाडीच नव्वद-शंभर असते. ते जिना चढायला लागले तर ठोके लगेच वाढत नाहीत, काही मिनिटांनी हळूहळू वाढतात, कारण रक्तातून ॲड्रेनालिन येईपर्यंत थांबावं लागतं. आणि थांबल्यावरही ते तसेच रेंगाळत खाली येतात. ज्या धडधडीला काका घाबरले, तिचं लगेच वाढणं आणि लगेच उतरणं हे नसा जागेवर असल्याचं लक्षण होतं.

फेऱ्या आणि हंडा

एवढा खटाटोप कशासाठी? पायाच्या स्नायूंना प्राणवायू पोचवण्यासाठी. पाणी भरायचं गणित ज्यांनी लहानपणी केलंय त्यांना हे पटकन कळेल. दिवसभरात किती पाणी आलं, हे फेऱ्या किती मारल्या आणि हंडा केवढा होता, या दोन गोष्टींवर ठरतं. हृदयाचंही तेच. ठोके म्हणजे फेऱ्या, आणि एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त म्हणजे हंडा. बसलेल्या माणसात ७० ठोके आणि दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जेमतेम पाच लिटर. शरीरातलं सगळं रक्तही साधारण तेवढंच. धडधाकट तरुण पोरगा जीव तोडून धावत असेल तर हाच आकडा मिनिटाला वीस लिटरच्या वर जातो. ऑफिसात पिण्याच्या पाण्याचा जो निळा जार येतो तो वीस लिटरचा असतो. मुठीएवढं हृदय मिनिटाभरात तो पूर्ण जार इकडून तिकडे करतं. मला हे दरवर्षी शिकवतानाही थक्क व्हायला होतं.

शिवाय वाटपही बदलतं. बसलेलं असताना पंधरा-वीस टक्के रक्त स्नायूंकडे जातं. पूर्ण जोर लावलेला असताना ऐंशी टक्क्यांच्या वर तिकडेच जातं, आणि पोट, आतडी, मूत्रपिंडं यांच्या वाटणीत तेवढ्यापुरती कपात होते. जेवण झाल्यावर शतपावली घाला पण धावू नका, असं घरातली मोठी माणसं सांगतात त्यामागे हेच आहे. पोटालाही रक्त हवं आणि पायांनाही.

चालायला लागल्यावर सुरुवातीला दोन्ही वाढतात, फेऱ्याही आणि हंडाही. पोटऱ्या आवळल्या की पायातलं रक्त पिळलं जाऊन वर येतं, हृदय जास्त भरतं आणि जास्त भरलं की जास्त जोराने आकुंचतं. पण व्यायामाची सवय नसलेल्या माणसात हंडा साधारण अर्ध्या जोरापर्यंतच मोठा होतो. त्यापुढे मागणी वाढली की फेऱ्याच वाढवाव्या लागतात. रोज धावणाऱ्या माणसाचा हंडाच मोठा असतो, म्हणून त्याची बसल्याजागची नाडी पन्नाशीत, कसलेल्या धावपटूची चाळिशीतसुद्धा असते, आणि ते बरोबरच असतं. त्याच चढावर काकांचे १३२ आणि आमच्या गटातल्या एका सायकलवाल्या मुलीचे १०४, यात काकांचं काही चुकत नाही. त्यांचा हंडा अजून लहान आहे.

हंडा ठीक आहे, फेऱ्याही चालू आहेत, पण दुधातच पाणी असेल तर? आमच्या मजल्यावरच्या एक वहिनी, वय अडतीस, तिसऱ्या मजल्याला पोचेपर्यंत छाती धडधडते म्हणायच्या. घरच्यांचं म्हणणं, वजन कमी कर. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या घरात! प्राणवायू वाहून नेतं ते हिमोग्लोबिन, तेच कमी असेल तर तेवढ्याच प्राणवायूसाठी हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणून माझी अगदी मनापासून विनंती आहे, घरातली बाई "जरा चढलं की धडधडतं" म्हणाली तर तिला व्यायामाचा सल्ला देण्याआधी तिचं रक्त तपासा.

गाडीत चढल्यावरही धाप का लागते

ठाणे स्टेशनचा ब्रिज आपल्यापैकी अनेकांची रोजची व्यायामशाळा आहे. गाडी लागलेली दिसते, आपण पायऱ्या दोन-दोन करत उतरतो, चढतो आणि डब्यात शिरतो. आता पाय हलत नाहीत, दांडी धरून उभे आहोत, तरी धाप चालूच आणि छातीत ढोल. असं का?

कारण ती धावपळ अर्ध्या-एक मिनिटाची होती, आणि हृदय-फुप्फुसांचा पुरवठा मागणीइतका व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर स्नायूंनी घरातला साठा मोडून काम भागवलं, प्राणवायू न वापरता जेवढी ऊर्जा काढता येईल तेवढी काढली. ती सगळी उधारी होती. गाडीत चढल्यावर आपण ती फेडत असतो. म्हणून मुंब्र्याच्या बाजूला असो की मुलुंडच्या, पुढचं स्टेशन येईपर्यंत श्वास पूर्ण जागेवर आलेला नसतो. त्यामुळेच चढाला एकदम भिडू नये. उपवनपाशी पाच-सात मिनिटं सपाटीवर चाललात तर ब्रेक हळू सुटतो, पुरवठा आधीच सुरू होतो आणि उधारी कमी होते. काकांनी त्या दिवशी रिक्षा थेट चढाच्या पायथ्याशी सोडली होती, हे मला नंतर कळलं.

हृदय स्वतः कधी जेवतं

आता जरा काळजीच्या भागाकडे. सगळ्या शरीराला रक्त देणाऱ्या हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं. ते त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या कोरोनरी धमन्यांतून येतं. पण हृदयाचा डावा भाग आकुंचन पावतो तेव्हा तो इतका आवळलेला असतो की त्याच्या भिंतीत रक्त नीट शिरू शकत नाही. ते शिरतं दोन ठोक्यांच्या मधल्या सैलपणात. पंगतीत वाढणाऱ्या माणसासारखं आहे हे, दोन वाढपांच्या मध्ये उभ्या उभ्या घास घ्यायचा.

मिनिटाला ७२ ठोके असतात तेव्हा एका ठोक्याचा सगळा फेरा ०.८ सेकंदांहून थोडा जास्त, आणि त्यातला अर्ध्याहून अधिक वेळ सैलपणाचा. १५० ठोक्यांना सगळा फेराच ०.४ सेकंदांचा, आणि कात्री लागते ती मुख्यतः सैलपणाच्या वेळेला. म्हणजे काम वाढलेलं आणि जेवायला वेळ कमी. त्यात आणखी एक अडचण. पायाचे स्नायू बसलेले असताना रक्तातला थोडाच प्राणवायू उचलतात, गरज पडली की जास्त उचलतात. हृदयाचा स्नायू मात्र आरामातच बहुतेक सगळा उचलून घेत असतो, त्याच्याकडे राखीव फार नाही. त्याला जास्त हवा असेल तर रक्तच जास्त यावं लागतं. धमन्या निरोगी असतील तर त्या रुंदावतात आणि चार-पाच पट रक्त आणून देतात. पण आत चरबीचा थर बसून वाट अरुंद झाली असेल, तर घरात बसल्यावर काही जाणवत नाही आणि चढावर छाती आवळते. थांबलं की बरं वाटतं. हा असा येणारा-जाणारा त्रास फार महत्त्वाचा निरोप असतो, आणि आपल्याकडे तो "गॅसेस झाले असतील" म्हणून सोडून दिला जातो.

हेच डोळ्यांसमोर घडवून पाहण्यासाठी डॉक्टर टीएमटी करायला सांगतात. ठाण्यात टीएमटी म्हटलं की आधी बस आठवते, पण ही ट्रेडमिल टेस्ट. छातीला तारा लावून चालत्या पट्ट्यावर चालवतात. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि दहा टक्के चढ, मग दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. काकांना मी हट्टाने डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी ही तपासणी केली आणि "खुशाल चाला, फक्त हळूहळू वाढवा" म्हणून सांगितलं. साठी ओलांडलेल्या, मधुमेह-बीपी असलेल्या किंवा घरात लहान वयात हृदयविकार झालेल्या माणसाने चढ चढायला सुरुवात करण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारावंच. नंतर घाबरण्यापेक्षा ते किती सोपं आहे.

किती ठोके म्हणजे जास्त

मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात, यासाठी २२० वजा वय, हे सूत्र सगळ्या जिममध्ये भिंतीवर असतं. ते १९७१ च्या सुमाराचं, आधीच्या थोड्याशा अभ्यासांचे आकडे एकत्र मांडून काढलेला ढोबळ अंदाज. २००१ साली तनाका आणि सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांची छाननी करून दुसरं सूत्र दिलं, वयाला ०.७ ने गुणून २०८ मधून वजा करा. काकांचं पहिल्याने येतं १५८ आणि दुसऱ्याने साधारण १६५. दोन्ही सरासरीचे आकडे आहेत. प्रत्यक्षात एखाद्याचा कमाल आकडा याहून दहा-बारा ठोक्यांनी वर किंवा खाली असणं अगदी नेहमीचं आहे. ज्याचा खरा आकडा १७५ आहे त्याला हे सूत्र उगाच घाबरवेल आणि ज्याचा १४८ आहे त्याला उगाच पळवेल.

सर्वसाधारण सल्ला असा की कमाल आकड्याच्या ५० ते ७० टक्के म्हणजे मध्यम श्रम, ७० ते ८५ टक्के म्हणजे जोराचे. काकांचे १३२ ऐंशी टक्क्यांच्या वर होते. नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी जरा जास्तच. मध्यम श्रम ओळखायला मात्र घड्याळ लागतच नाही. चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय, पण भजन म्हणायला गेलं तर श्वास पुरत नाही, तिथे आपण बरोबर आहोत. दोन-चार शब्दांनंतर श्वास तुटत असेल तर जोराचं चाललंय. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला बोलण्याच्या या खुणेवर सहज पाळता येतो.

काही जणांना तर आकड्यावर जाताच येत नाही. आमच्या गटातले एक आजोबा मेटोप्रोलॉलची गोळी घेतात. कितीही चढले तरी त्यांचे ठोके शंभराच्या पुढे फारसे जात नाहीत, कारण ती गोळी ॲक्सिलरेटरच अडवते. ते काकांना सांगत होते, "माझं हृदय बघा, तरण्यासारखं!" गोळीचा परिणाम आहे हे समजावल्यावर त्यांनाही बरं वाटलं, कारण इतके दिवस ते ठोके वाढवायला जोर लावत होते. अशी गोळी चालू असेल तर दम आणि बोलणं यांवरच भरवसा ठेवावा, आणि गोळी मनाने कधीही बंद करू नये.

आणि हवामान! तोच चढ, तोच वेग, जानेवारीत माझे १२० आणि मे महिन्यात १३५. तब्येत बिघडलेली नसते. उकाड्यात अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडेही पाठवावं लागतं. घामातून पाणी गेल्याने रक्ताचं आकारमान घटतं, हंडा लहान होतो आणि फेऱ्या वाढतात. वेग तोच ठेवून अर्धा तास चाललात तरी ठोके हळूहळू चढत राहतात ते यामुळेच. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि वाळल्याशिवाय तो अंग थंड करत नाही. कोरड्या गावाहून आलेला पाहुणा ठाण्यात लवकर दमतो त्याला हे मोठं कारण आहे. मे आणि ऑक्टोबरमध्ये वेग कमी करा, उजाडायच्या आत निघा, पाणी जवळ ठेवा.

उतरतानाचा आकडा

आता त्या १०९ कडे येते. श्रम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात ठोके खाली येतात ते मुख्यतः व्हेगसमुळे. ब्रेक पुन्हा दाबला जातो. तो किती तत्परतेने दाबला जातो यावरून या यंत्रणेची तब्येत कळते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात, ट्रेडमिलनंतर सावकाश चालताना पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहूनही कमीने उतरले, त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. काकांचे एका मिनिटात २३ उतरले होते. सगळे वर गेलेला आकडा बघतात, मला विचाराल तर हा बघावा. एका दिवसाच्या एका आकड्यावरून निदान मात्र करू नये, महिनाभराचा कल पाहावा.

कठड्यावर बसू नका म्हटलं त्याचंही कारण इथेच आहे. पोटऱ्या चालू असतात तोवर पायातलं रक्त वर ढकललं जात असतं. आपण एकदम थांबलो की ते पायातच साचतं, डोक्याकडे कमी पोचतं आणि चक्कर येऊ शकते. पाच मिनिटं रमतगमत चालून मगच बसावं.

घड्याळाबद्दल थोडंसं. मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्त तो शोषतं, प्रत्येक ठोक्याला रक्त कमी-जास्त होतं त्यावरून घड्याळ मोजतं. पट्टा सैल असेल, हात जोरात हलत असेल, तर ते पावलांनाच ठोके समजू शकतं. शंका आली की बोटांनी मोजा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन-तीन बोटं ठेवा, अंगठा वापरू नका, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. ठोके सारख्या अंतराने पडतायत की मध्येच अडखळतायत हेही बोटांना कळतं.

थांबायचं कधी, हे मात्र मी काकांना दोनदा म्हणून दाखवायला लावलं. छातीत दडपण किंवा आवळल्यासारखं वाटणं, दुखणं हात, मान, जबडा किंवा पाठीकडे जाणं, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, नेहमीच्या चढाला नेहमीपेक्षा फार जास्त धाप, बसून राहिलं तरी न उतरणारी किंवा वेडीवाकडी धडधड. यातलं काहीही झालं तर आकडा ९० असो की १५०, चालणं तिथेच बंद. काही मिनिटांत ओसरलं नाही तर १०८ ला फोन, आणि ओसरलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात जायचं नाही.

मार्चपासून काका पुन्हा यायला लागले. आधी नुसती उपवनला चक्कर, मग नाक्यापर्यंत, मग चढ. सकाळी अंथरुणात मोजलेली त्यांची नाडी तेव्हा ७८ होती, आता ७१ असते. ज्या वळणावर १३२ झाले होते तिथे परवा ११७ होते.

मागच्या आठवड्यात आमची लिफ्ट पुन्हा बंद पडली. मी भाजी घेऊन सावकाश वर पोचले तेव्हा पाचव्या मजल्यावर काका आपल्या दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. घड्याळ चार्जिंगला असावं. डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं, ओठ हलतायत. मी काही विचारणार तेवढ्यात त्यांनी मानेनेच "थांबा" केलं. मोजणं अजून चालू होतं.